या आठवड्याचा दिग्दर्शक

शहाडच्या शिट्टी कारखान्यावर माहितीपट काढायचा हे नीलनं पक्कं केलं तेव्हा त्याला एकच काळजी होती. आपण फार लवकर प्रसिद्ध झालो तर घरच्यांना ते झेपेल का?

घर म्हणजे वर्तकनगरच्या एका कॉलनीतला दुसरा मजला. वडील सुधीरराव बँकेतून निवृत्त झालेले आणि कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आई मंदाकिनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या आणि घराच्या अध्यक्ष. नील स्वतः ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून काही महिने ‘स्क्रिप्टवर’ होता. ‘स्क्रिप्टवर आहे’ हे तो अशा सुरात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा सलाइनवर आहे.

कारखान्यात कुकरच्या शिट्ट्या बनत. कुकर नव्हे, नुसती शिट्टी. मूळ मालक कधीच गाशा गुंडाळून गेला होता आणि कामगारांनी सहकारी संस्था काढून कारखाना स्वतःच चालवायला घेतला होता. मालक नाही, मॅनेजर नाही, सगळ्यांना सारखा पगार, प्रत्येक निर्णय हात वर करून, आणि एवढं असून कारखाना नफ्यात. हे शेवटचं ऐकल्यावर सुधीररावांनी पेपर खाली ठेवला.

“काहीतरी चूक आहे,” ते म्हणाले. “अरे, समाजवाद आम्ही पाहिलाय. समाजवाद म्हणजे रांग. माझ्या काकांनी स्कूटर नोंदवली, चालवली त्यांच्या जावयानं.”

“बाबा, हा वेगळाय. हा चालतोय.”

“मग तो समाजवाद नसणार.”

ठाण्यातल्या एका सहकारप्रेमी मंडळानं माहितीपटांचा महोत्सव जाहीर केला होता. नीलला तिथं आपली फिल्म लावायची होती. बरीच चर्चा झाली, पोहे झाले, आणि शेवटी सुधीररावांनी अट घातली. महोत्सवात पडद्यावर ‘दिग्दर्शक’ या शब्दापुढं नीलचं नाव आलं तर ते पुन्हा एक अक्षर बोलणार नाहीत. नाही आलं, तर दुसऱ्याच दिवशी नीलनं मुकाट्यानं ऐरोली गाठायची. तिथले सुदेश सर अजून त्याची खुर्ची राखून होते आणि दर पंधरवड्याला फोन करून तसं सांगतही होते.

नीलनं अट तत्काळ मान्य केली. स्वतःच्या फिल्मवर स्वतःचं नाव न यायला काय कारण, असं त्याला वाटलं. माणसाला जे वाटतं ते त्यानं कुठंतरी लिहून ठेवू नये, पुढं फार त्रास होतो.

बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या गुप्तेकाकांचं म्हणणं पडलं की, कामगार म्हटला की दुःख हवं. “चिमणी दाखव. धूर दाखव. एखादी म्हातारी खोकताना मिळाली तर सोडू नकोस. बक्षीस म्हातारीलाच मिळतं, आपण फक्त तिला घेऊन जायचं.” गुप्तेकाकांचा चित्रपटाशी संबंध एवढाच होता की त्यांचा मेहुणा एका थिएटरला पडदे धुऊन द्यायचा. पण त्यांचं बोलणं नीलच्या मनात बसलं. शहाडला जाताना त्यानं प्रश्नांची यादी केली आणि सर्वांत वर लिहिलं : तुमचं दुःख काय?

कारखान्याच्या फाटकाशी तो स्कूटर लावत होता तेव्हा शेजारी एक भली थोरली काळी गाडी येऊन थांबली. तिच्यातून पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, बोटात अंगठ्या, असे साठीचे एक गृहस्थ उतरले. नीलनं अदबीनं विचारलं, “साहेब, आत कामगार भेटतील का?”

“मीच हाय कामगार,” गृहस्थ म्हणाले. “राघो. या आठवड्यान लेथवर हाय. तू कोनाचा?”

ही पहिली अडचण. राघोदादांची भाताची जमीन एका गृहसंकुलाखाली गेली होती. त्या संकुलात त्यांचे चार फ्लॅट होते आणि पोहण्याचा तलाव बरोबर त्यांच्या जुन्या खळ्यावर होता. तरी ते रोज सकाळी कारखान्यात येत. का, असं विचारल्यावर त्यांनी नीलकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “घरान बसून काय करू? तलावान पवू?”

नीलनं कॅमेऱ्याचा कोन असा ठरवला की काळी गाडी कुठल्याच शॉटमध्ये येऊ नये. गाडी मात्र पुढं प्रत्येक शॉटमध्ये आली, कारण ती कुठंही लावली तरी मागं दिसेल एवढी होती.

मग दुःखाचा शोध. कमलेश हा तरुण कामगार पॅकिंगला होता. नीलनं त्याला खिडकीपाशी बसवलं, चेहऱ्यावर अर्धा उजेड घेतला आणि हळूच विचारलं, “तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख काय?”

कमलेशनं बराच विचार केला. “शीळफाटा,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“ट्रॅफिक, भाई. बहीण दिलीय कोपरखैरण्याला. भाऊबीजेला निघालेलो, पोचलो तर ती लोकं देवदिवाळीच्या तयारीत.”

नीलनं आणखी सहा जणांना विचारलं. कुणाची मावशी तळोज्याला होती, कुणाचं सासर घणसोलीला. सगळ्यांचं दुःख शीळफाट्यालाच अडकलेलं निघालं. सखुबाई ही कारखान्यातली सर्वांत जुनी बाई. तिनं तर दुःख असल्याचंच नाकारलं. “दुक कनाला पायजे? पगार येलेवर होतंय, मालक नाय, सासू गेली.” म्हातारी खोकली मात्र नाही. नीलनं तिला बराच वेळ संधी दिली.

त्यात शिट्ट्या. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक शिट्टी आधी वाफेवर वाजवून बघितली जाई. चांगली शिट्टी कोणती याचा तिथं शास्त्रोक्त निकष होता : बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मालिका चालू असताना सुनेला ऐकू यायला हवी, पण दुपारच्या झोपेतून सासरा उठता कामा नये. त्यामुळे नीलच्या रेकॉर्डिंगमध्ये कामगार चळवळीबद्दलचं प्रत्येक वाक्य ‘आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की’ इथपर्यंत यायचं आणि पुढं भात व्हायचा.

आणि शूटिंगची रीतसर परवानगी अजून मिळालीच नव्हती. ती कोण देणार? मालक नव्हता. दर शनिवारी जेवणानंतर शेडमध्ये सभा भरे, तिथं विषय गेला. त्या आठवड्याची अध्यक्ष दर्शना होती, आधीच्या आठवड्यात रबरी वायसर कापणारी. तिनं नीलला उभं केलं आणि नियम सांगितला.

“आपल्याकडं फाटकाच्या आत जे काम होतं, त्याला फिरती लागू. दर सोमवारी काम बदलतं. आज लेथ, उद्या झाडू, परवा अध्यक्ष. फिल्मचं काम आत होणार, तर फिल्मलाही फिरती. चालेल?”

नीलच्या अंगावर रोमांच आले. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच असं काहीतरी सापडलं होतं, जे पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांपुढं होतं. त्यानं जागच्या जागी छोटंसं भाषण केलं. हीच खरी समता, याच विचारासाठी तो इथं आला आहे, या नियमाचा सन्मान म्हणजे आपल्या फिल्मचा आत्मा, वगैरे. सगळ्यांनी हात वर केले. नीलनंही केला. फिल्मच्या कामासाठी राघोदादा, सखुबाई, कमलेश आणि दर्शना यांनी नावं दिली, पाचवा नील.

सोमवारी सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं :

दिग्दर्शक : राघो. कॅमेरा : सखुबाई. शिट्टी तपासणी : नील.

नीलला प्रथम वाटलं, प्रतीकात्मक असेल. मग दर्शनानं त्याच्या हातात कापसाचे बोळे दिले, कानात घालायला.

राघोदादांनी दिग्दर्शनाला सुरुवात केली ती सगळ्यांना घरी पाठवून. दुपारी सगळे परत आले ते लग्नातल्या कपड्यांत. बायका नऊवारीत, दागिन्यांसकट. लेथमागं रांगेनं उभं करून राघोदादा म्हणाले, “सगल्यांनी कॅमेऱ्यान बगा आनि हसा.”

नील वाफेतून ओरडला, “राघोदादा, माहितीपटात कॅमेऱ्यात बघत नाहीत.”

“का रं?”

“म्हणजे... कॅमेरा तिथं नाहीच असं समजायचं.”

“पावना दारान उबा हाय आनि तो नाय असं समजाचं? ही आमची रीत नाय.”

सभा लगेच उभ्या उभ्या भरली. कॅमेऱ्याकडं बघायचं, हे प्रचंड बहुमतानं ठरलं. विरोधात एक मत पडलं, तेही तपासणी खात्यातून.

दुसऱ्या आठवड्यात सखुबाईनं दिग्दर्शन केलं. तिचा आग्रह एकच होता, फिल्म बघून माणसाला भूक लागली पाहिजे. म्हणून शिट्टी दाखवल्यावर तिच्याखाली शिजलेलं काय तेही दाखवायचं. नील त्या आठवड्यात कॅन्टीनला होता, त्यामुळे शिजवलं त्यानंच. तिसरा आठवडा कमलेशचा. कमलेशनं हळदीच्या शूटिंगवाल्या मित्राचा ड्रोन आणला आणि ड्रोनमधून बरोबर शीळफाटा दाखवला. “दुःख पायजे होतं ना तुला?” तो म्हणाला.

नील डगमगला नाही. त्याची खात्री होती की हे सगळं वरवरचं आहे, फिल्म शेवटी कात्रीखाली घडते, आणि चौथ्या आठवड्यानंतर त्याची फिरती येणार होती. दरम्यान त्यानं फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एक भव्य शॉट योजला होता : संस्थेची पाटी, खालून वर जाणारा कॅमेरा, मागं आकाश. रस्ता सरकारी, म्हणून तो परवानगीला प्रभाग कार्यालयात गेला.

खिडकीतल्या बाबूंनी अर्ज उलटा करून पाहिला. “चित्रपट, मालिका, जाहिरात की मंडप?”

“माहितीपट.”

“यात नाही.”

“मग?”

“जे यात नाही ते होत नाही. तुम्ही मंडप घ्या. लग्नसराई आहे, मंडपाचं लगेच होतं.”

“पण मंडप घालायचाच नाहीये.”

बाबूंनी चष्मा काढला. “परवानगी घेऊन मंडप घातला नाही, तर तो वेगळा गुन्हा होतो.”

तेव्हा मंडप घालणं आलं. मंडपाबरोबर नियमाप्रमाणे वाळूनं भरलेल्या लाल बादल्या आल्या. बादल्यांबरोबर एक निरीक्षक आले, ते बादल्या मोजून गेले. मंडप दिसल्यावर आजूबाजूची माणसं विचारायला लागली, लग्न कुणाचं? लग्न नाही, फिल्म आहे, असं नील सांगायचा आणि माणसं समजूतदारपणे मान हलवून पंगतीची वाट बघत खुर्च्यांवर बसायची. दुपारपर्यंत एवढी माणसं जमली की त्यांना उपाशी पाठवणं बरं दिसेना. सभा भरली. जेवण घालायचं ठरलं. संस्थेची पाटी, तिच्यामागचं आकाश, आणि पुढं वांग्याच्या भाजीसाठी हात करणारे एक अनोळखी आजोबा असा तो शॉट आहे.

चौथ्या आठवड्यात दर्शनानं कारखान्यातली बाकीची कामं दाखवली, नील झाडूवर होता. आणि मग तो सोमवार आला. फळ्यावर ‘दिग्दर्शक : नील’ असं लिहिलेलं वाचून त्यानं त्याचा फोटो काढला. फोटो काढून मागं वळला तर फाटकाला कुलूप. राघोदादांच्या पुतण्याची हळद होती. हळद, लग्न, सत्यनारायण, आणि मग आवाजानं बसलेल्या कानांची विश्रांती, असा कार्यक्रम आठवडाभराचा होता आणि सगळा कारखाना तिकडं होता. हेही सभेत ठरलेलं, नील तेव्हा कॅन्टीनमध्ये डाळीला फोडणी देत होता.

नीलनं आठवडाभर दिग्दर्शन केलं ते बंद फाटकाचं. वेगवेगळ्या कोनांतून. एकदा त्या फाटकावर एक कावळा बसला. नीलनं त्याला सूचनाही दिल्या.

कापाकापी सुरू झाली तेव्हा सखुबाईनं सभेत विचारलं, की सगळ्यांना पगार सारखा, तर पडद्यावर वेळ सारखा का नाही? प्रश्न बिनतोड होता. प्रत्येकाला अगदी सारखा वेळ द्यायचं ठरलं. मग निघालं की आनंदा नावाचा कामगार पाय मोडून घरी आहे आणि त्याचं शूटिंगच झालेलं नाही. रजेवरच्या माणसाचा पगार कापत नाहीत, तर वेळ कसा कापणार? त्याच्या वाट्याच्या वेळात त्याची रिकामी खुर्ची दाखवावी, असा विचार पुढं आला. खुर्ची उशीसकट दाखवायची की उशीशिवाय, यावरून रण माजलं. उशी आनंदाची स्वतःची होती, खुर्ची संस्थेची.

नेमके त्याच वेळी शेडच्या दारात सुधीरराव येऊन उभे राहिले.

ते नीलला न्यायला आले होते. सुदेश सरांचा फोन घरी आला होता आणि तो मंदाकिनीबाईंनी उचलला होता. मुलगा कामगारांवर फिल्म काढता काढता झाडू मारतो, हे मंदाकिनीबाईंना कळलं ते असं, की नीलनं घरी स्वतःहून केर काढला. सुधीररावांनी मनाशी भाषण तयार केलं होतं. पण पुढ्यात सभा चालली होती आणि ती चुकीची चालली होती. पोहणाऱ्याला बुडणारा दिसावा तसं त्यांचं झालं.

“माफ करा,” ते म्हणाले, “या ठरावाला अनुमोदक कोण?”

सगळी शेड वळून बघू लागली.

“सूचक आहेत, अनुमोदक नाही. अनुमोदक नसेल तर ठराव सभेपुढं येतच नाही. आणि उशी हा मूळ ठराव नव्हे, ती उपसूचना आहे. ती आधी घ्या.”

“ह्ये कोन रं?” सखुबाईनं विचारलं.

“बाबा,” नील म्हणाला.

“मंग उबं का ठेवलंस त्यांना? फुडं बसव.”

इथं सुधीररावांची स्थिती समजून घ्यायला हवी. कॉलनीच्या सोसायटीची वार्षिक सभा ते वर्षानुवर्षं बोलावत. तिला कधीच कोरम होत नसे. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासानं त्याच चौघांत भरायची. त्यातले एक सुधीरराव, आणि दुसरे गुप्तेकाका, जे वडे येईपर्यंतच बसत. इथं अख्खी शेड भरलेली होती. सुधीररावांनी उपसूचना मताला टाकली आणि हात वर गेले. ग्रीसचे हात, बांगड्यांचे हात, राघोदादांचा अंगठ्यांचा हात. सुधीरराव ते हात मोजताना मध्येच थांबले आणि चष्मा पुसू लागले.

उशीसकट, असं ठरलं.

मुलाला न घेताच ते घरी परतले. रात्री जेवताना मंदाकिनीबाईंना हळू आवाजात म्हणाले, “त्यांच्याकडे कोरम आहे.”

फाटकाच्या आत येऊन काम केलं, तेव्हा त्यांनाही फिरती लागू झाली. पुढच्या सोमवारी फळ्यावर फिल्मच्या यादीत नीलखाली सहावं नाव सुधीर होतं. नीलला वाटलं, बाबा रागावतील. सुधीररावांनी डबा भरून घेतला आणि कारखान्याची बस किती वाजता असते, ते विचारलं.

राहता राहिली महोत्सवाची गोष्ट. आयोजकांनी कळवलं की दिग्दर्शक म्हणून एकच नाव हवं, समूह चालणार नाही, आमच्याकडं बक्षिसाचा पुतळा एकच आहे. विषय सभेत आला. नीलनं चेहरा ठाम ठेवला.

राघोदादा उभे राहिले. “पोराचं नाव टाका. तेचं लगीन व्हायचा हाय, नोकरी नाय. आपल्याला काय कमी परतंय?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कमलेश म्हणाला, “दे ना यार, दे बिचाऱ्याला.” हात वर जायच्या बेतात होते. तेवढ्यात ‘बिचाऱ्याला’ हा शब्द नीलच्या कानातून शिरून थेट स्वाभिमानाला लागला. कित्येक आठवडे त्यानं कापसाचे बोळे घालून काढले होते, डाळ शिजवली होती, कावळा दिग्दर्शित केला होता, आणि नाव मिळणार ते दान म्हणून? तो उठला.

“मला दया नको,” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम. फिल्म दाखवली जाईल त्या आठवड्यात फळ्यावर दिग्दर्शक म्हणून जे नाव असेल, तेच पडद्यावर.”

हे बोलण्यापूर्वी त्यानं बोटांवर हिशेब केला होता, हे सांगायला हवं. राघो, सखुबाई, कमलेश, दर्शना, नील. महोत्सवाचा रविवार बरोबर त्याच्या आठवड्यात पडत होता. तत्त्वही राहत होतं आणि नावही येत होतं. असा योग माणसाच्या आयुष्यात क्वचित येतो, आणि आला की समजावं, कुणीतरी वर बसून हसतंय.

“अनुमोदक?” सुधीररावांनी विचारलं. सखुबाईनं अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. सुधीररावांनी मुलाकडं पहिल्यांदाच आदरानं पाहिलं.

महोत्सवाच्या आठवड्यात नीलनं नवा कुर्ता घेतला. बुधवारी आयोजकांचा निरोप आला : प्रमुख पाहुण्यांना त्या रविवारी दुसरीकडं प्रमुख पाहुणे म्हणून जायचं असल्यानं महोत्सव एक आठवडा पुढं.

नीलनं फळ्याकडं पाहिलं. फळ्यावर पुढचं नाव ठळक अक्षरांत होतं.

तो दर्शनाकडं गेला. म्हणाला, “अगं, हे म्हणजे अपवादात्मक आहे ना? पाहुण्यांमुळे झालंय.”

“ठराव तुझाच आहे,” दर्शना म्हणाली. “बदलायचा तर शनिवारी मांड. पण तूच बोललेलास, दया नको म्हणून. टाळ्या वाजवल्या आम्ही.”

शनिवारी नील उभा राहिला, सगळ्या शेडकडं पाहिलं, समोर अध्यक्षांच्या शेजारी वही-पेन घेऊन ताठ बसलेल्या वडिलांकडं पाहिलं, आणि ‘फिल्मच्या प्रती वेळेवर पोचवाव्यात’ एवढंच सुचवून खाली बसला.

पुढच्या आठवड्यात रविवारी ठाण्यातल्या सभागृहात पहिल्या चार रांगा शहाडच्या होत्या. सगळे लग्नातल्या कपड्यांत. बाकीचे माहितीपट फार गंभीर होते, त्यांत पुष्कळ माणसं खोकली. मग शिट्टी वाजली आणि पडद्यावर नऊवारीतला कारखाना हसून थेट प्रेक्षकांकडं बघू लागला. लोक आधी दचकले, मग हसून परत बघू लागले. आमटीला उकळी आली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी डबा उघडला. शेवटी अक्षरं आली : दिग्दर्शक, सुधीर. मंदाकिनीबाईंनी नीलचा हात दाबला. कशासाठी दाबला हे त्याला कळलं नाही, पण बरं वाटलं.

पुतळा त्यांनाच मिळाला. परीक्षकांनी दोन गोष्टींचं विशेष कौतुक केलं. रिकामी खुर्ची आणि तिच्यावरची उशी हे त्यांच्या मते श्रमिकाच्या अनुपस्थितीचं अतिशय धाडसी रूपक होतं. आणि बंद फाटकाचं प्रदीर्घ चित्रण, विशेषतः तो कावळा, याला दिग्दर्शकाची असामान्य नजर लागते, असं ते म्हणाले. सुधीररावांनी मान लवून ते स्वीकारलं.

मग ते बोलले. माइक हातात आल्यावर ते थोडे घाबरतील अशी नीलला आशा होती, पण समोर कोरम होता. “हा प्रवास सोपा नव्हता,” ते म्हणाले. “या माहितीपटाला सुरुवातीला माझ्या घरातूनच तीव्र विरोध झाला. समाजवाद म्हणजे रांग, इतक्या टोकाची भाषा झाली. पण आपण डगमगलो नाही.” विरोध कुणी केला याचा तपशील त्यांनी दिला नाही. राघोदादांनी शिट्टी वाजवली, ही तोंडानं. तिलाही टाळ्या पडल्या.

सोमवारी सकाळी नील इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग भरून बाहेरच्या खोलीत आला. पडद्यावर त्याचं नाव आलं नव्हतं, आणि शब्द म्हणजे शब्द. मंदाकिनीबाई वाटीत दहीसाखर घेऊन दाराशी उभ्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. सुदेश सर होते. नीलच्या आधी सुधीररावांनी हात घातला.

“नमस्कार. सुधीर बोलतोय... नाही, वडील होतो. आता त्याच्याबरोबर काम करतो.” मग बराच वेळ पलीकडचं ऐकून घेतलं. “तुमची खुर्ची तुम्ही राखलीत, आभारी आहे. पण तो येणार नाही. आज माझी तपासणी आहे आणि त्याची पॅकिंग, आम्ही दोघं गेलो नाही तर माणसं अडतात... हो, कायमचंच समजा.”

त्यांनी फोन ठेवला आणि चपला घालायला लागले. नील बॅग धरून तसाच उभा.

“बाबा, पण अट?”

“कोणती अट? तिला अनुमोदक कुठं होता?” सुधीरराव म्हणाले. “चल, उशीर होतोय.”

मंदाकिनीबाईंनी ऐरोलीसाठी कालवलेली दहीसाखर निम्मी निम्मी केली आणि दोघांच्याही हातावर ठेवली.